डबलसीट जाताना मागे बसणाऱ्याची सुरक्षितता कुणाच्या हातात असते?

सकाळी आठची वेळ. आईला दवाखान्यात सोडायचंय, बहिणीला क्लासला उशीर झालाय किंवा मित्राची एसटी सुटायला दहाच मिनिटं उरली आहेत. "चल, बस मागे, सोडतो," असं म्हणून गाडीला किक मारली जाते. महाराष्ट्रातल्या लाखो घरांमध्ये हे रोज घडतं. डबलसीट जाणं इतकं सवयीचं झालंय की ते वेगळं शिकावं लागतं, असं कुणाच्या मनातही येत नाही.

खरं तर एकट्याने गाडी चालवणं आणि मागे कुणाला बसवून चालवणं, यात मोठा फरक आहे. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतो आणि समोरचा रस्ता त्याला दिसत असतो. खड्डा दिसला की त्याचं शरीर आपोआप सावध होतं. मागे बसलेल्या व्यक्तीसमोर मात्र चालवणाऱ्याची पाठ असते. खड्डा, गतिरोधक किंवा अचानक लागलेला ब्रेक तिला कळतो तो धक्का बसल्यावरच.

म्हणूनच डबलसीट जाताना सुरक्षिततेची बहुतांश जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. ती पार कशी पाडायची, मागे बसणाऱ्याने काय करायचं, कायदा काय सांगतो आणि विम्याचं काय, हे समजून घेऊ.

दोघं बसल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं?

आपल्याकडच्या नेहमीच्या १०० ते ११० सीसी मोटारसायकलचं वजन साधारण ११० किलोच्या आसपास असतं. त्यावर ६५ किलोचा चालक बसला की एकूण वजन १७५ किलो होतं. मागे तेवढ्याच वजनाची दुसरी व्यक्ती बसली की ते २४० किलोवर जातं. म्हणजे गाडी रस्त्यावर वाहत असलेलं एकूण वजन एकदम एक तृतीयांशाहून जास्त वाढतं. चारचाकीत एक प्रवासी वाढल्याने फारसं काही जाणवत नाही, दुचाकीत मात्र तिचा स्वभावच बदलतो.

पहिला बदल ब्रेकमध्ये जाणवतो. एकटे असताना ब्रेक जितका दाबायची सवय आहे तितकाच दाबला, तर डबलसीट गाडी उशिरा थांबते. तेवढ्याच अंतरात थांबायचं असेल तर ब्रेक जास्त जोराने आणि आधीपासून लावावा लागतो.

दुसरा बदल पुढच्या चाकाचा. मागच्या व्यक्तीचं वजन मुख्यतः मागच्या चाकावर येतं. त्यामुळे पुढचं चाक तुलनेने हलकं होतं आणि हँडल थोडं सैल, हलकं वाटू लागतं. चढावर किंवा क्लच झटक्याने सोडल्यावर हे जास्त जाणवतं.

तिसरा बदल तोलाचा. दोन माणसांचं वजन उंचावर असतं. गाडी वेगात असताना ते खपून जातं, पण सिग्नलला थांबताना, यू-टर्न घेताना किंवा ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने जाताना गाडी कलंडण्याची शक्यता वाढते.

चौथा बदल पिकअपचा. एकट्याने जाताना ज्या ट्रकला सहज ओलांडता येतं, त्यालाच डबलसीट ओलांडायला जास्त वेळ आणि जास्त मोकळा रस्ता लागतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या अंतराचा नेहमीचा अंदाज इथे चुकू शकतो.

वेग थोडा वाढला तर किती फरक पडतो?

एक साधं गणित पाहू. रस्ता कोरडा आहे, ब्रेक व्यवस्थित आहेत आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने कमी होतोय, असं धरू. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, असंही धरू.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे १२ मीटर. म्हणजे थांबायला एकूण २३ मीटर लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला पहिल्या सेकंदात जवळपास १७ मीटर आणि त्यानंतर सुमारे २८ मीटर, असे एकूण ४५ मीटर लागतात. वेग दीडपट झाला, पण थांबायचं अंतर जवळपास दुप्पट झालं.

मागे कुणी असताना पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवणं हा सोपा उपाय आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं मोजायचं. तेवढं मोजून व्हायच्या आत आपण खांबापाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. पावसात ते आणखी वाढवायचं.

निघण्याआधी काय तपासायचं?

टायरमधली हवा: बहुतेक कंपन्या मागच्या टायरसाठी हवेचे दोन आकडे देतात, एक एकट्यासाठी आणि दुसरा दोघांसाठी. काही १०० सीसी मोटारसायकलींमध्ये एकट्यासाठी २८ पीएसआय आणि दोघांसाठी ४१ पीएसआय इतका मोठा फरक असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर मिळतो. पंपावरचा माणूस सवयीने भरेल त्यावर विसंबू नका, आकडा सांगून हवा भरून घ्या. हवा कमी असेल तर वजनाखाली टायर दबतो, जास्त तापतो आणि वळणावर गाडी डुलते.

मागचे शॉकअब्जॉर्बर: अनेक मोटारसायकलींमध्ये मागच्या स्प्रिंगचा कडकपणा कमी-जास्त करायला खाचा असतात. नेहमी डबलसीट जात असाल तर स्प्रिंग थोडी कडक करून घ्यावी. मेकॅनिककडे हे काही मिनिटांचं काम असतं. स्प्रिंग फार मऊ असेल तर खड्ड्यात गाडी खाली आदळते आणि तो सगळा हादरा मागच्या व्यक्तीच्या कमरेला बसतो.

हेडलाइट: मागे वजन आलं की गाडीचा पुढचा भाग किंचित वर उचलला जातो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्यालाही जवळचा रस्ता नीट दिसत नाही. रात्री लांब जायचं असेल तर झोत खाली करून घ्यावा.

आरसे: दोघं बसल्यानंतर आरसे पुन्हा लावा. एकट्यासाठी लावलेल्या आरशात बऱ्याचदा मागच्या व्यक्तीचा खांदाच दिसतो.

एकूण वजन: अनेक छोट्या मोटारसायकलींची भार वाहण्याची क्षमता १३० किलोच्या आसपास असते. चालक, मागची व्यक्ती आणि सामान हे सगळं त्यात आलं. प्रत्येकी ७० किलोचे दोन प्रौढ बसले की १४० किलो होतात, म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मग टाकीवर सॅक, हँडलला दोन पिशव्या आणि मागच्याच्या मांडीवर धान्याचं पोतं, हा प्रवास गाडीच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडचा असतो.

बसताना आणि उतरताना

डबलसीट प्रवासात पडण्याची पहिली शक्यता गाडी उभी असतानाच असते. चालवणाऱ्याने आधी स्वतः बसावं, साइड स्टँड वर घ्यावा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत आणि पुढचा ब्रेक दाबून धरावा. मग "बस" असं म्हणावं. मागच्याने त्याआधी चढू नये.

मागे बसणाऱ्याने डाव्या बाजूनेच चढावं आणि उतरावं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि पोटरीला चटका बसण्याचं ते नेहमीचं कारण आहे. डाव्या बाजूने उतरलं की रहदारीच्या उलट, रस्त्याच्या कडेला पाय पडतो, हा दुसरा फायदा. चढताना मागच्याने चालकाच्या खांद्यावर हात ठेवायला हरकत नाही, मात्र सगळं वजन एका बाजूला टाकू नये.

बसल्यावर दोन्ही पाय फूटरेस्टवर, हात चालकाच्या कमरेला किंवा मागच्या पकडदांडीला, आणि मग "हं, चल" असं सांगायचं. ते ऐकल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. उतरतानाही हाच क्रम: गाडी पूर्ण थांबली, चालकाने पाय टेकवले, "उतर" म्हटलं, की मग उतरायचं. सिग्नलला गाडी मंद झाली म्हणून अर्ध्यातच उडी मारणं हे हमखास पडण्याचं कारण आहे.

एका बाजूला बसणं, साडी आणि ओढणी

महाराष्ट्रात अनेक महिला, विशेषतः साडी नेसलेल्या, दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन बसतात. ही सवय एका दिवसात बदलणार नाही. पण त्यातला धोका नीट समजून घेतला पाहिजे.

दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली व्यक्ती गुडघ्यांनी सीट धरू शकते, दोन पायांवर भार घेऊ शकते आणि वळताना गाडीसोबत झुकू शकते. एका बाजूला बसलेल्या व्यक्तीला यातलं काहीच जमत नाही. तिचा तोल सीटच्या कडेवर असतो. मांडीवर मूल किंवा हातात पिशवी असेल तर धरायलाही एकच हात उरतो. अशा वेळी एखाद्या गतिरोधकावरून गाडी जरा वेगाने गेली, तर कोणत्याही वाहनाची धडक न बसताही ती मागे फेकली जाऊ शकते. डोकं सरळ रस्त्यावर आपटतं.

म्हणून शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसावं. ते शक्य नसेल तर चालकाने वेग बराच कमी ठेवावा, महिलेने एका हाताने चालकाची कंबर आणि दुसऱ्या हाताने पकडदांडी धरावी, दोन्ही पाय पायदानावर टेकवावेत आणि मांडीवर काही घेऊ नये.

दुसरा धोका कपड्यांचा. साडीचा पदर, ओढणी, स्टोल, लांब रेनकोटची किनार किंवा मोकळे लांब केस चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतात. गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी चाकात गेली तर क्षणात गळफास बसतो. अशा जीवघेण्या दुखापतींची नोंद भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांमध्ये वारंवार केली आहे. निघण्याआधी पदर खोचणं, ओढणी कुर्त्याच्या आत घेणं किंवा मागे गाठ मारून सीटवर दाबून बसणं, याला दहा सेकंदही लागत नाहीत. "ओढणी आवरलीस का?" हे विचारणं ही चालवणाऱ्याचीही जबाबदारी आहे, कारण मागचं चाक त्याला दिसत नसतं.

यासाठी कायद्यातही तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागच्या प्रवाशासाठी कायमस्वरूपी पकडदांडी, फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान अर्धं झाकेल असं संरक्षण असणं आवश्यक आहे. म्हणजेच आपण ज्याला 'साडीगार्ड' म्हणतो ते. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून साडीगार्ड आणि पकडदांडी काढून टाकणारे अनेक जण आहेत. मग त्याच गाडीवर आई किंवा बायको मागे बसते.

चालवताना काय वेगळं करायचं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झटके टाळायचे. क्लच हळू सोडायचा, गिअर अलगद बदलायचा, ॲक्सिलरेटर एकदम पिळायचा नाही. मागच्याचं हेल्मेट वारंवार आपल्या हेल्मेटवर आपटत असेल, तर गाडी झटक्याने चालवली जातेय असं समजावं.

ब्रेक लवकर आणि दोन्ही लावायचे. पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटते, या भीतीने अनेक जण फक्त मागचाच ब्रेक वापरतात. प्रत्यक्षात गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. डबलसीट असताना मागच्या चाकावर जास्त वजन असल्यामुळे मागचा ब्रेकही एरवीपेक्षा जास्त उपयोगी ठरतो. दोन्ही एकत्र, टप्प्याटप्प्याने जोर वाढवत दाबणं हे योग्य तंत्र. १ एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या दुचाकींना किमान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था, बंधनकारक आहे. त्याआधीची गाडी असेल तर दोन्ही ब्रेक वापरण्याची सवय स्वतःच लावून घ्यावी लागते.

गतिरोधकाच्या आधीच वेग कमी करायचा, गतिरोधकावर चढल्यानंतर नाही. मागे बसलेली व्यक्ती मागच्या चाकाच्या जवळपास वर असते, त्यामुळे पुढे बसलेल्याला साधा वाटणारा धक्का मागे उसळी देणारा असतो. मोठा खड्डा किंवा गतिरोधक दिसला की "धर" एवढा एक शब्द पुरेसा आहे.

वळणावर मागच्याने गाडीसोबत झुकायचं असतं. गाडी डावीकडे कलली की घाबरून उजवीकडे कलणारे प्रवासी अनेक असतात. त्यामुळे गाडी वळत नाही आणि रुंद जाते. सोपी युक्ती अशी की ज्या बाजूला वळायचंय, त्या बाजूच्या चालकाच्या खांद्यावरून पुढे बघायचं. शरीर आपोआप योग्य तेवढं कलतं.

पाऊस आणि घाट

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकातले रूळ आणि पहिल्या पावसाने तेल वर आलेला डांबरी रस्ता हे सगळं निसरडं होतं. अशा जागांवर गाडी सरळ ठेवायची, तिरपी करायची नाही आणि तिथे ब्रेक मारायचा नाही.

मागे बसून छत्री उघडणं हे आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास दिसतं. छत्रीत वारा भरला की ती शिडासारखी ओढते. मागच्याचा तोल जातो, चालकाला बाजूचं दिसत नाही आणि छत्री सांभाळताना धरायला हात मोकळा राहत नाही. दोन रेनकोट घेणं हाच यावरचा उपाय. पाऊस फारच जोरात असेल तर आडोशाला थांबावं, पण पुलाखाली रस्त्यातच नाही.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून सोडून देऊ नये. दोघांच्या वजनाने वेग झपाट्याने वाढतो आणि सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक तापतात व त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागेल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. वेग आवरायचं काम इंजिन करतं आणि ब्रेक गरजेच्या वेळेसाठी राखून राहतात.

हेल्मेट मागच्यालाही का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार, त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यापैकी ३५,६९२ चालक होते आणि १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे दर दहामागे जवळपास तीन जण मागच्या सीटवरचे.

हेल्मेटच्या परिणामकारकतेवर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असं दिसलं आहे की, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. रस्ता डोकं कुणाचं आहे हे बघत नाही. तरीही "मी थोडीच चालवतेय?" हे वाक्य रोज ऐकू येतं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मग ती चालवत असो वा मागे बसलेली असो, हेल्मेट आवश्यक आहे. पगडी घातलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागच्या प्रवाशाच्या हेल्मेटची अंमलबजावणी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर कारवाईचे आदेश निघाले. पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीवर अनेकदा वाद झाले, पण कलम १२९ देशभर एकच आहे.

हेल्मेट घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जून २०२१ पासून भारतात या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी रस्त्याच्या कडेला स्वस्तातली 'टोपी' अजूनही मिळते. पट्टा लावलेला नसेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट निघून जातं. घरात दोन हेल्मेट असली तरी बऱ्याचदा चांगलं हेल्मेट चालवणाऱ्याकडे आणि जुनं, सैल हेल्मेट मागच्याकडे जातं, हेही तपासून पाहण्यासारखं आहे.

ट्रिपलसीट आणि लहान मुलं

कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकासोबत एकाच व्यक्तीला नेता येतं आणि तीही चालकाच्या मागे, घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. ट्रिपलसीटसाठी कलम १९४ सी आणि हेल्मेटसाठी कलम १९४ डी अन्वये १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. जागेवर भरायची तडजोड रक्कम राज्यं ठरवतात, त्यामुळे ती वेगळी असू शकते. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवणाऱ्याला शिकवणाऱ्या लायसन्सधारकाशिवाय कुणालाही मागे बसवता येत नाही, ही गोष्ट कॉलेजच्या मुलांना अनेकदा माहीतच नसते.

लहान मुलाला टाकीवर किंवा स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं करून नेणं हे अगदी नेहमीचं दृश्य. अचानक ब्रेक लागला की ते मूल हँडलवर आपटतं आणि त्याच्यावर चालकाचं वजन येतं. नवरा, बायको आणि मध्ये मूल हाही कायद्याच्या भाषेत दोन प्रवाशांचाच प्रवास आहे. मुलांसाठी वेगळी सूट कायद्यात नाही. अनेक कुटुंबांकडे दुचाकी हे एकमेव वाहन असतं, हे खरं. पण त्यामुळे धोका कमी होत नाही. शक्य तिथे दोन फेऱ्या मारणं, रिक्षा किंवा बस घेणं हाच सुरक्षित पर्याय उरतो.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम अधिसूचित केला आणि तो एका वर्षाने लागू झाला. त्यानुसार मुलाला चालकाशी जोडणारा सेफ्टी हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचं जॅकेट आवश्यक आहे. तो हलका, मापानुसार कमी-जास्त करता येणारा आणि ३० किलोपर्यंत वजन पेलणारा हवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, सायकलचं हेल्मेटही चालतं. आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको.

चार वर्षांवरच्या मुलासाठी एक साधी कसोटी आहे: मुलाचे पाय मागच्या फूटरेस्टवर नीट टेकतात का, आणि त्याला चालकाला घट्ट धरता येतं का? उत्तर नाही असेल, तर ते मूल अजून एकट्याने मागे बसण्याएवढं मोठं झालेलं नाही. झोप येत असलेल्या मुलाला तर मागे बसवूच नये.

मागे बसणाऱ्याने काय करायचं?

मागे बसणाऱ्याची कामं थोडी आहेत, पण ती ठरलेली आहेत. पाय कायम फूटरेस्टवर ठेवायचे, गाडी थांबली तरी. अचानक सरकायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. एका हाताने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही. चालकाच्या तोंडासमोर मोबाइल धरून मॅप दाखवण्यापेक्षा वळण यायच्या बरंच आधी तोंडी सांगायचं. पाठीवरची जड सॅक मागे ओढते, तिचे पट्टे आवळून घ्यायचे. डुलकी येऊ लागली तर लगेच गाडी थांबवायला सांगायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायचं. सासऱ्यांच्या मागे बसलेली सून, साहेबांच्या मागे बसलेला कर्मचारी किंवा मित्राच्या मागे बसलेली मुलगी अनेकदा भीती वाटत असूनही गप्प राहते. गोव्यात काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे 'पायलट' किंवा शहरांतले बाइक टॅक्सीचालक तर पूर्ण अनोळखी असतात. पण "जरा हळू घ्या" असं म्हणायला ओळख लागत नाही. बोलणं ऐकू जात नसेल तर खांद्यावर एकदा थाप म्हणजे 'हळू' आणि दोनदा म्हणजे 'थांब', असं निघण्याआधीच ठरवता येतं. चालवणाऱ्याने दारू घेतली असेल तर मागे न बसणं हाच एकमेव उपाय आहे.

विम्यात मागचा प्रवासी धरलेला असतो का?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. कायद्याने बंधनकारक असलेला विमा म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा. मागे बसलेली व्यक्ती ही थर्ड पार्टीच, असं अनेकांना वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या एका निकालानुसार, केवळ हा किमान विमा असेल तर भाडं न घेता मागे बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास त्याच गाडीची विमा कंपनी बांधील नसते. म्हणजे चूक आपल्या चालकाची असेल तर भरपाईचा भार मालक आणि चालकावर येऊ शकतो. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्या वाहनाच्या विम्याकडे दावा करता येतो.

सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीमध्ये मागचा प्रवासी समाविष्ट असल्याचं विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुचाकीच्या विम्यासोबत येणारं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मात्र फक्त मालक-चालकासाठी असतं. मागच्या प्रवाशासाठी ते वेगळं घ्यावं लागतं. रोज कुणाला तरी मागे बसवून जात असाल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हे विचारून घ्यावं.

अपघात झालाच तर

मागचा प्रवासी पडला असेल तर त्याला ओढून उठवू नये. मानेला किंवा मणक्याला दुखापत असू शकते. श्वास घेता येत असेल तर हेल्मेट खेचून काढू नये. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. तो उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी डोकं आपटलं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ ही डोक्याला आतून मार लागल्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. मदत करणाऱ्या पादचाऱ्यांना पोलीस किंवा रुग्णालयाने त्रास देऊ नये, यासाठी कलम १३४ ए मध्ये संरक्षण आहे.

डबलसीट जाताना मागे बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली किंवा जवळचीच असते. तिने पूर्ण विश्वासाने आपला तोल चालवणाऱ्यावर सोपवलेला असतो. पुढच्या वेळी "बस मागे" म्हणण्याआधी तीन गोष्टी बघितल्या तरी बरंच काही साधेल: मागच्या टायरमध्ये दोघांपुरती हवा आहे का, दुसरं हेल्मेट सोबत आहे का आणि पदर किंवा ओढणी आवरली आहे का.